मांडीला बांधायची बॅग: वजन कमरेवर, पट्टा फक्त आवरायला

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहणं सोलापुरात. आठवड्यातल्या दोन-तीन सकाळी नान्नजकडच्या माळरानावर पक्ष्यांच्या आणि गवतांच्या नोंदी, पावसाळ्या-हिवाळ्यात सह्याद्रीतले ट्रेक, आणि जाण्यायेण्याला मोटरसायकल. ऑनलाइन एक संच आवडलाय: मांडीला बांधायचं पॅनेल, त्यावर लावायचे तीन सुटे पाऊच, दोन मांडीपट्टे, किंमत दोन हजारांच्या आतबाहेर. तो घ्यावा का, एक पट्टा बरा की दोन, कुठल्या पायाला बांधावा आणि सुटे पाऊच हवे तसे लावायचं-काढायचं हे मॉड्युलर प्रकरण हवंच का?

मी सोलापूरच्या पूर्व भागात शिलाईचं युनिट चालवतो. पोटापाण्याचं काम गणवेशाचं. पण ट्रेकवाले, सर्पमित्र, फोटोवाले आणि रानात राबणारी माणसं आपापल्या फाटक्या बॅगा घेऊन येतात, आणि मीही पक्षिमित्रांबरोबर माळावर हिंडतो. त्यामुळे ही वस्तू टेबलावर उसवलेली आणि पायावर बांधलेली, दोन्ही रूपांत रोजच्या बघण्यातली आहे. पुढचं उत्तर त्या बेतानं वाचा.

तुमचे चारही प्रश्न बॅगेबद्दल आहेत. आधी सामानाबद्दल ठरवा. पाठीवर सॅक आहे, तिचा कमरपट्टा आवळलेला आहे, अशा वेळी सॅक न उतरवता दर दहा-पंधरा मिनिटांनी काय हातात यायला हवं? एका कागदावर लिहून काढा. नोंदवही-पेन्सिल, जीपीएस, छोटी मोजपट्टी, नमुन्यांच्या कागदी पिशव्या, एवढ्यावर यादी संपली तर मांडीची बॅग तुमच्या कामाची आहे. यादीत पाण्याची बाटली, कॅमेऱ्याची दुसरी लेन्स, डबा, रेनकोट असं शिरायला लागलं की समजा, तुम्हाला आणखी एक सॅक हवी आहे आणि ती तुम्ही पायाला बांधायला निघालात.

मुळात हा प्रकार पायावर का गेला ते पाहिलं की बरंच उलगडतं. सैनिकाच्या किंवा पोलिसाच्या अंगावर जाड संरक्षक जाकीट असतं, ते कमरेपर्यंत येतं. कमरेला लावलेलं पिस्तूल त्याच्याखाली अडकतं, म्हणून ते मांडीवर उतरलं. म्हणजे कमरेची जागा आधीच दुसऱ्या कशानं तरी अडवलेली, हे त्यामागचं कारण. तुमच्या बाबतीत ही अडवणूक दोन वेळा होते. ट्रेकला सॅकचा कमरपट्टा कमर खातो, आणि मोटरसायकलवर पुढे वाकून बसलं की कमरेचा पाऊच पोटात रुततो. माळरानावर बिनसॅकचे, गळ्यात दुर्बीण आणि हातात वही घेऊन फिरत असाल, तर तिथे कमर मोकळीच आहे. त्या दिवसांसाठी साधा कमरेचा पाऊच मांडीच्या कुठल्याही बॅगेपेक्षा सरस, हे मी ग्राहकाला तोंडावर सांगतो. धंदा बुडतो, पण तोच माणूस पुन्हा येतो.

आता वजनाचं. पायाला बांधलेलं ओझं प्रत्येक पावलाला उचलावं लागतं, पुढे फेकावं लागतं आणि थांबवावं लागतं. पाठीवरचं ओझं शरीराबरोबर नुसतं पुढे सरकतं. १९६९ साली सोल आणि गोल्डमन या दोन संशोधकांनी याची मोजणी केली होती. आपल्या शरीराचं एक किलो वाहून न्यायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या सुमारे १.२ पट ऊर्जा डोक्यावरच्या किलोला लागली. पावलाला बांधलेल्या किलोला मात्र चालण्याच्या वेगाप्रमाणे ४.२ ते ६.३ पट. डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या बाईची चाल बघितली की त्यातलं पहिलं उत्तर पटतं. मांडी या दोन टोकांच्या मधे येते. पाय खुब्यातून झुलतो, त्यामुळे बॅग खुब्याच्या जितकी जवळ तितकी ती हलकी लागते. अंतर दुप्पट झालं की ते वजन झुलवायचा त्रास चौपट होतो. म्हणून तीच बॅग चार बोटं वर घेतली की माणूस म्हणतो, “अरे, आता कळतच नाही.” बॅगेत काही कमी झालेलं नसतं.

माझा हिशेब असा: पॅनेल, पट्टे, पाऊच आणि आतलं सामान सगळं धरून अर्धा ते पाऊण किलो. चढाईच्या वाटेला अर्ध्याच्याही आत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे पाण्याचा विषय तिथेच मिटतो. ८×४२ ची दुर्बीण सहसा सहाशे-सातशे ग्रॅम भरते, तिची जागा छातीवर, दोन्ही खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यात. पॉवर बँक सॅकमध्ये. मांडीवर राहतात त्या हलक्या, पण सारख्या लागणाऱ्या वस्तू.

आता मुख्य मुद्दा. लोक दुकानात मांडीचा पट्टा ओढून बघतात, आणि कमरेला मात्र घरचाच चामड्याचा पट्टा लावतात. खरा भार कमरेचा पट्टा घेतो. मांडीच्या पट्ट्याचं काम इतकंच की बॅग पायापासून सुटून आपटू नये. मांडी गुडघ्याकडे निमुळती होत जाते, त्यामुळे नुसत्या मांडीपट्ट्याच्या जोरावर टांगलेली कोणतीही बॅग खाली घसरणारच, तुम्ही कितीही आवळा. मग माणूस आणखी आवळतो, पायाला मुंग्या येतात, आणि शेवटी नाव बॅगेचं खराब होतं.

तेव्हा कमरेचा पट्टा ४० ते ५० मिलिमीटर रुंद आणि ताठ हवा. ताठ म्हणजे, आडवा हातात धरला तर टोक लगेच लोंबू नये. पँटचा पातळ पट्टा बॅगेच्या बाजूला खाली झुकतो, दुसरी बाजू वर चढते आणि दिवसभर पँट सावरत बसावं लागतं. सुरक्षारक्षकांच्या आणि पोलिसांच्या साहित्याच्या दुकानात नायलॉनचे दुहेरी पट्टे मिळतात, आपल्याकडे गणवेशाचा धंदा मोठा असल्यानं ते शोधायला लांब जावं लागत नाही. तो पट्टा सॅकच्या कमरपट्ट्याच्या खाली बसतो का, हे सॅक पाठीला लावूनच बघायचं. सॅकचा पट्टा खुब्याच्या हाडाच्या वरच्या कडेवर आणि तुमचा पट्टा त्याच्याखाली, पँटच्या लूपमधून. दोघांची बक्कलं एकावर एक आली तर वाकताना पोटात टोचतात, म्हणून खालचं बक्कल थोडं बाजूला सरकवायचं.

कमरेपासून बॅगेपर्यंत येणारी लटकण एका पट्टीची असेल तर बॅग चालताना गोल फिरते. दोन पट्ट्यांची किंवा वर रुंद होत जाणारी लटकण घ्या. लांबी अशी ठेवा की सरळ उभं राहून हात सैल सोडला तर पाऊचचं तोंड मनगटापाशी यावं. त्याहून खाली गेलं तर काढताना वाकावं लागतं, आणि ज्या कारणासाठी बॅग पायावर घेतली तेच बुडतं. खालची कड गुडघ्याच्या वाटीपासून निदान एक वीत वर हवी.

तुम्ही बाई की बुवा ते प्रश्नात लिहिलेलं नाही, आणि इथे त्यानं थोडा फरक पडतो. खुबा रुंद आणि कमर बारीक असेल तर लटकण खुब्याच्या उतारावरून येते आणि बॅगेचं वरचं टोक बाहेर फाकतं. अशा वेळी बॅग पँटच्या बाजूच्या शिवणीवर न ठेवता तिथून दोन बोटं पुढे घ्यायची आणि लटकण किंचित लांब सोडायची. बाजारातले बहुतेक संच सरळ कमरेच्या पुरुषांच्या अंगावर बेतलेले असतात, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या बॅगांवर हीच दुरुस्ती सर्वात जास्त होते. लांब कुर्त्यावर हे नीट बसत नाही. कुर्ता आत खोचला किंवा आखूड शर्ट घातला तरच.

एक पट्टा की दोन? एक. तोही जांघेच्या खाली चार बोटांवर, उंच. तिथे मांडीची हालचाल सगळ्यात कमी. दुसरा पट्टा गुडघ्याकडे येतो आणि तिथला स्नायू प्रत्येक पायरीला फुगतो आणि आखडतो. नळदुर्गाच्या उपळ्या बुरुजावर चढून बघा, पायऱ्या उंच आहेत. खालचा पट्टा एक तर गुडघ्यामागे कातडीत रुततो, नाहीतर सैल पडून खाली लोळतो. संचाबरोबर दोन पट्टे येतात कारण पॅनेल लांब असतं, आणि लांब पॅनेल एका पट्ट्यानं खालून फडफडतं. म्हणजे दुसरा पट्टा लागतोय असं वाटलं तर पॅनेलच तुमच्यासाठी लांब आहे असं समजा. सैन्याच्या कामात गोष्ट वेगळी, तिथे बॅगेत जड दारूगोळा असतो. आपल्या वह्या-पेन्सिलींना एवढा बंदोबस्त नको.

मापाची एक गोष्ट कुणीच करत नाही, ती करा. टेप घेऊन उभं राहून मांडीचा घेर मोजा, मग उकिडवं बसून त्याच जागी पुन्हा मोजा. दुसरं माप मोठं येईल. मधला फरक पट्ट्यातल्या इलास्टिकनं भरून काढायचा असतो. म्हणून पट्ट्यात रुंद इलास्टिकचा निदान वीतभर लांब तुकडा शिवलेला हवा, आणि मोठ्या मापावरही पट्ट्याचं टोक चार बोटं उरायला हवं. आपलं रानातलं निम्मं काम उकिडवं बसूनच होतं: गवताचा तुरा बघायचा असो, पायाचा ठसा मोजायचा असो की सकाळचे इतर विधी. उभ्यानं आवळलेला बिनइलास्टिकचा पट्टा बसल्यावर पाय कापतो आणि बसून आवळलेला उभं राहिल्यावर घसरतो. ऑनलाइन फोटोतली माणसं कायम उभीच असतात, हा त्यांचा दोष म्हणायचा की आपला, देव जाणे. घाम आणि ऊन यांनी स्वस्त इलास्टिक एका मोसमात मरतं, पण ते बदलणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. पट्टा शिवलेला नसून बक्कलानं सुटणारा घ्या, म्हणजे नुसता तुकडा बदलता येतो.

क्लिपवालं बक्कल मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला यावं. आतल्या बाजूला आलं तर चालताना दुसऱ्या मांडीला घासतं, आणि डबा खायला मांडी घालून बसताना सोडायला हात पोचत नाही. हो, मांडी घालून बसताना पट्टा सोडायचाच. बॅग कमरेला लटकलेली राहते, जात कुठे नाही.

आता मॉड्युलर. ही पद्धत अमेरिकन लष्करात १९९० च्या दशकाच्या शेवटी रुळली आणि तिची मापं ठरलेली आहेत. आडव्या पट्ट्या २५ मिलिमीटरच्या, दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा २५ मिलिमीटरची, आणि प्रत्येक पट्टी दर ३८ मिलिमीटरवर उभ्या टाक्यानं शिवलेली. ही मापं पाळली तरच एका कंपनीचा पाऊच दुसऱ्या कंपनीच्या पॅनेलवर बसतो. स्वस्त संचांमध्ये टाक्यांचं अंतर बिनधास्त कमीजास्त असतं. मग तो संच फक्त स्वतःपुरता मॉड्युलर: पुढे दुसरा पाऊच आणला की बसत नाही किंवा डुलतो. विकणाऱ्याला पट्टीशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठवायला सांगा. नाही पाठवला तर तेही एक उत्तरच.

पाऊच लावण्याची रीत निम्म्या लोकांची चुकलेली असते. पाऊचच्या मागची उभी पट्टी पॅनेलच्या वरच्या आडव्या पट्टीखालून काढायची, मग पाऊचच्या पाठीवरच्या आडव्या पट्टीखालून, मग पुन्हा पॅनेलच्या पुढच्या पट्टीखालून, असं विणत खाली यायचं आणि शेवटी टिचबटण लावायचं. बहुतेक जण उभी पट्टी फक्त पॅनेलच्या सगळ्या पट्ट्यांखालून सरळ खाली ओढतात. दिसायला तेच दिसतं, पण पाऊच पॅनेलपासून सुटा राहतो आणि प्रत्येक पावलाला टप टप करतो. “बॅग हलते, घट्ट करून द्या” म्हणून आलेल्या कित्येक बॅगा मी फक्त विणून परत दिल्या आहेत, टाकाही न घालता.

मॉड्युलर हवंच का, तर पाऊच मॉड्युलर हवा, पॅनेल मोठं नको. फोम घातलेलं मोठं पॅनेल रिकामंच वजन खातं, उन्हात मांडीवर गादीसारखं तापतं, आणि जागा आहे म्हणून त्यावर तिसरा पाऊच चढतोच. तीन उभे रकाने आणि दोन-तीन आडव्या पट्ट्या मावतील एवढं छोटं, बिनफोमचं पॅनेल बास. त्यावर एकच पाऊच, साधारण १८ सेंटिमीटर उंच, १२ रुंद आणि ५ जाड. वहीसाठी त्याच्या मागे एक चपटा कप्पा असला तर उत्तम. सुट्या पाऊचचा खरा फायदा असा, की वाट बदलली की त्याची जागा बदलता येते. माळावर तो कमरेच्या पट्ट्यावर, ट्रेकच्या सपाट टप्प्यात मांडीवर, आणि हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या दगडधोंड्यांच्या चढात सॅकच्या पट्ट्यावर. तुमच्या सॅकवर पट्ट्यांची अशी जाळी नसेल तर शिवून घ्या. गणवेश शिवणाऱ्या कुठल्याही युनिटमध्ये बारटॅकचं मशीन असतं, पँटचे बेल्टलूप ज्या टाक्यानं पक्के करतात तोच हा टाका. दोरा तेवढा जाड पॉलिस्टरचा वापरायला सांगा.

कापडाचं उत्तर सोलापूर आणि सह्याद्री यांच्यासाठी एक नाही. आपल्या माळाची पहिली अडचण म्हणजे कुसळं. पावसाळा सरला की गवतं पिकतात, आणि कुसळाचं शेपूट ओलाव्यानं पिळतं आणि सुटतं, त्यामुळे त्याचं टोक कापडात स्क्रूसारखं आत शिरत जातं. जाळीच्या कापडात, फोमवरच्या अस्तरात आणि वेल्क्रोत ती इतकी भरतात की चिमट्यानंही निघत नाहीत. बॅगेच्या पाठीला हवा खेळावी म्हणून लावलेली जाळी सह्याद्रीच्या पावसात चांगली, नान्नजच्या गवतात शिक्षा. दोन्हीकडे एकच बॅग नेणार असाल तर गुळगुळीत, घट्ट विणीचं नायलॉन घ्या, पाचशे डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पुरतं. हजार डेनियरचं टिकतं जास्त, पण जड आणि खरखरीत असतं. वेल्क्रोचं झाकण तर टाळाच. कुसळं भरली की ते चिकटत नाही, आणि चिकटतं तेव्हा उघडताना जो चर्रकन आवाज होतो त्यानं समोरचा धाविक पक्षी निघून जातो, काळवीट मान वर करतं. क्लिप किंवा लवचिक दोरीनं बंद होणारं झाकण बरं. चेन असेल तर मोठ्या दातांची, रनरला दोरीचा तुकडा बांधलेला. बारीक चेनमध्ये काळ्या मातीची धूळ बसली की ती अर्ध्यात अडते. सुक्या दातघासणीनं झाडायची, तेल घालायचं नाही, तेलाला धूळ आणखी चिकटते.

दुसरी अडचण ऊन. मार्च ते मे इथं पारा चाळिशी ओलांडतो आणि काळं कापड त्याहून तापतं. आयफोनसाठी अ‍ॅपलच भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं सांगतं, बाकीच्या फोनची तब्येतही फार वेगळी नसते. काळ्या पाऊचमध्ये मांडीच्या घामाला चिकटून ठेवलेला फोन नेमका नोंद घ्यायच्या वेळी तापून बंद पडतो. फोन सॅकच्या खांदापट्ट्यावर, सावलीच्या बाजूला ठेवा. बॅगेचा रंग वाळल्या गवताचा किंवा मातकट घ्या. चट्ट्यापट्ट्यांचा लष्करी छाप घेऊ नका. भारतीय लष्करानं २०२२ मध्ये आणलेल्या नव्या गणवेशाच्या नक्षीचे हक्क नोंदवलेले आहेत आणि तिची परवानगीशिवाय विक्री बेकायदा आहे. शिवाय अभयारण्याच्या हद्दीत, गावाच्या शिवारात असा छाप घालून हिंडलं की चौकशा सुरू होतात. नान्नजचा माळ म्हणजे १९७९ साली जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य, नोंदींसाठी वनविभागाची परवानगी तुम्ही घेतली असेलच.

पट्ट्यांची लोंबणारी टोकं गुंडाळून इलास्टिकच्या कडीत खोचा. वेडी बाभूळ आणि बोरी यांना लोंबतं काहीही आवडतं.

कुठल्या पायाला? उजव्या हातानं लिहीत असाल तर डाव्या. डाव्या हातानं वही काढायची, उजव्यात पेन्सिल असतेच. मोटरसायकलचं उत्तरही तेच येतं: बसता-उतरताना उजवा पाय सीटवरून फिरतो, त्यावर बॅग असेल तर ती मागच्या सामानाला अडते आणि गाडी कलंडते. सायलेन्सरही बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो, सुटलेलं नायलॉनचं टोक त्याला लागलं की वितळलंच. डावखुऱ्या माणसाला मात्र निवड करावी लागते, मी त्याला गाडीवर बॅग काढूनच ठेवायला सांगतो.

गाडीवर आणखी एक. गाडी घसरली तर माणूस बहुधा खुब्याच्या आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूवर पडतो, नेमका जिथे पाऊच आहे तिथे. चाकू, पकड, किल्ल्यांचा जुडगा, लोखंडी टॉर्च असं काही गाडीवर असताना त्या पाऊचमध्ये नको. वही राहिली तर हरकत नाही.

शरीराकडेही लक्ष ठेवा. मांडीची बाहेरची बाजू बधीर वाटली, जळजळली, तर आधी कमरेचा पट्टा सैल करा. खुब्याच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून मांडीच्या कातडीची नस जाते, ती जड आणि घट्ट पट्ट्यानं दबते. लोक उलट मांडीचा पट्टा सैल करून बघतात. पट्टा सोडूनही बधिरपणा गेला नाही तर डॉक्टरांना दाखवा. घामानं मांडीच्या आतल्या बाजूला सोलवटतं, त्यावर उपाय म्हणजे पातळ घसरट ट्रॅकपँटऐवजी सुती मिश्रणाची जरा जाड पँट. पट्टा घसरू नये म्हणून आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी शिवणारे आहेत. हिवाळ्यात चालतं, उन्हाळ्यात त्याखाली घामोळं येतं.

आणि माळ म्हटला की फुरसं आलं. पायाला साप चावला तर मांडीची बॅग, पट्टा, बूट लगेच काढा, कारण पाय सुजतो आणि पट्टा आपोआप आवळला जातो. हाताशी पट्टा आहे म्हणून तो वर आवळून बांधायचा मोह होतो, तो टाळा. फुरशाच्या विषात असं बांधल्यानं नुकसानच होतं. पाय न हलवता १०८ ला फोन आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयाकडे.

काही ठिकाणी ही बॅग नकोच. लिंगाण्यासारख्या चढाईत हार्नेस घालणार असाल तर मांडीचे पट्टे हार्नेसच्या पायातल्या पट्ट्यांवर येतात आणि दोर अडकतो, तेव्हा बॅग सॅकमध्ये. पळायचं असेल तरी नको. कमरेपर्यंत झुडपांतून घुसायचं असेल तर पाऊच वर, छातीकडे घ्या.

मग तुमच्या दोन हजारांचं काय? तो तीन पाऊचचा, दोन पट्ट्यांचा संच मी घेणार नाही. आधी ताठ कमरपट्टा घ्या, मग एक चांगला पाऊच, आणि उरलेल्यात छोटं पॅनेल व लटकण इथेच शिवून घ्या. त्याआधी एक सकाळ घालवा. जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात सहाशे ग्रॅम तांदूळ भरा, पट्ट्याला टांगा, वर सांगितल्याप्रमाणे मांडीला एक इलास्टिक बांधा. सॅक लावून जिने चढा, उकिडवं बसा, पन्नास पावलं पळा, गाडीवर टांग टाकून गावाबाहेर जाऊन या. दुपारपर्यंत ती पिशवी काढून टाकावीशी वाटली तर तुम्हाला कमरेचाच पाऊच हवा आहे. नाही वाटली तर पिशवीवर खडूनं खूण करून घेऊन या किंवा जवळच्या कुठल्याही बॅगवाल्याकडे न्या, लटकणीची लांबी त्यावरूनच घेता येते. कमरपट्टा दोन्हीकडे उपयोगी पडतो, त्याचे पैसे वाया जात नाहीत.